मुक्या वर्गाचा विनय

"आज वर्ग फार शांत झाला," हे प्रशस्तिपत्र हल्ली आमचा शिक्षकवर्ग एकमेकांस मोठ्या समाधानाने देत असतो. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले आणि अध्यापन फळ्यावरून पडद्यावर गेले. तेव्हापासून या प्रशस्तीला एक निराळाच अर्थ आला आहे. पूर्वी वर्ग शांत ठेवावयाचा तर शिक्षकाला निदान विद्वत्ता, वाणी किंवा धाक यांपैकी काहीतरी खर्च करावे लागे. आता एक कळ दाबली की साठ मुखे एकदम मिटतात. विद्यार्थ्यांचे माइक बंद, चॅट बंद, आणि गुरुजींचे व्याख्यान मात्र पाऊण तास अखंड चालू! या व्यवस्थेला कोणी सोय म्हटले असते तर आम्ही वाद घातला नसता. परंतु तिला 'आदर' हे नाव दिले जात आहे. विद्यार्थी बोलत नाहीत म्हणून ते विनयशील, आणि जो मध्येच विचारतो तो उद्धट, अशी व्याख्या रूढ होऊ पाहत आहे. आमची हरकत या व्याख्येला आहे.

कोणी म्हणेल, तो काळ गेला. बाके पुन्हा भरली. आता या शिळ्या कढीला ऊत कशाला? तसे नाही. दरवाजे उघडले तरी पडदा गेलेला नाही. जादा तास, पाहुण्यांची व्याख्याने, सुटीतील मार्गदर्शन, वर्गाचा म्हणून चालणारा व्हॉट्सअॅपचा गट, हे सर्व आता नित्याचे झाले आहे. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' या व्यवस्थेतून घेतलेले विषय पदवीच्या हिशेबात धरावेत असा नियम आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली ही मर्यादा एका सत्रातील विषयांच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या 'स्वयम्'च्या रचनेत ध्वनिचित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य आणि चाचणी यांच्या बरोबरीने शंकानिरसनासाठी चर्चा हे चौथे अंग मुद्दाम ठेविले आहे. म्हणजे ज्यांनी ही यंत्रणा उभारली त्यांनाही चर्चेवाचून शिक्षण अपुरे वाटले. ते चौथे अंग आम्ही मात्र आपल्या हाताने लुळे करून ठेवीत आहो, आणि त्या लुळेपणालाच शिष्टाचार समजत आहो.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्याच बाजूने मांडणे प्राप्त आहे. कारण पुढे ज्या नियमाचा आम्ही आग्रह धरणार आहो तो आम्हीच मोडून चालणार नाही. हे सद्गृहस्थ म्हणतात: तुम्ही पुस्तकी गोष्टी सांगता, आम्ही प्रत्यक्ष भोगले आहे. २०२० साली वर्गाची लिंक बाहेर फुटून परके लोक आत शिरण्याचे प्रकार साऱ्या जगात घडले. कोणी भलतीच गाणी लावली, कोणी टोपण नाव घेऊन अभद्र बोलले, कोणी बाईंचा चेहरा पडद्यावरून टिपून त्यावर थट्टेची चित्रे रचली आणि गावभर फिरविली. ज्या शिक्षकाने पंचवीस वर्षे मानाने अध्यापन केले त्याला आपल्याच घरात, आपल्याच कुटुंबीयांसमोर असा अपमान सोसावा लागला. शिवाय साठ जणांचे माइक उघडे ठेवले तर कोठे कुकरची शिटी, कोठे दूरदर्शनची मालिका, कोठे घरातील भांडण. शिकवावयाचे तरी कसे? म्हणून चर्चा बंद केली तर बिघडले कोठे?

या तक्रारीतील वेदना खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचे पातक आम्ही करणार नाही. परंतु वेदना खरी असली म्हणजे औषध बरोबर असतेच असे नाही. परका मनुष्य वर्गात शिरला तर दोष दाराचा आहे. दाराशी नावे तपासून आत घेण्याची सोय त्याच यंत्रात आहे. एकाने अभद्र भाषा वापरली तर त्या एकाला बाहेर काढता येते, त्याच्या पालकांना बोलावता येते, प्राचार्यांपुढे उभे करता येते. गोंगाट होत असेल तर ऐकताना माइक बंद आणि बोलण्याची पाळी आली म्हणजे उघडा, ही साधी रीत आठ दिवसांत मुलांच्या अंगवळणी पडते. एका उनाडासाठी एकोणसाठ जणांची वाचा कायमची बंद करणे हे ढेकणासाठी घर जाळण्यासारखे आहे. आणि घर जाळून झाल्यावर 'आता कसे अगदी निवांत वाटते' असे म्हणण्यापर्यंत आमची मजल गेली आहे, हे अधिक शोचनीय होय.

शिस्त आणि आदर या दोन वस्तू निराळ्या आहेत. शिस्त बाहेरून लावता येते. आदर आतून यावा लागतो. ज्याचे तोंड दुसऱ्याच्या हातातील कळीने मिटले आहे त्याच्या मौनात विनय किती आणि निरुपाय किती, हे कोणी कसे ओळखावे? गप्प बसलेल्या साठ नावांच्या चौकटींमागे कोणी ऐकत असेल, कोणी जेवत असेल, कोणी फोन उशाशी ठेवून गाढ झोपला असेल. वर्ग संपताच 'धन्यवाद सर', 'खूप छान सर' अशा संदेशांची जी रांग लागते, तीही पुष्कळदा हजेरीची पावती असते. कळीने मिटविलेल्या मौनाला आदर म्हणू लागलो, तर खरा आदर कसा असतो हे पाहण्याची संधीच आपण विद्यार्थ्यांपासून हिरावून घेतो.

आता या मौनाच्या समर्थनार्थ परंपरेची साक्ष काढण्यात येते. गुरूपुढे शिष्याने बोलू नये ही म्हणे आपली जुनी रीत. ही रीत कोणत्या ग्रंथात सापडली हे आम्हांस ठाऊक नाही; ज्या ग्रंथांनी आमच्या भागाला नाव दिले त्यांत तरी ती सापडत नाही. आमच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. तेथे १६०८ साली रामदासांचा जन्म झाला, म्हणून लोक त्याला जांब समर्थ म्हणतात. त्यांच्या 'दासबोधा'चा आरंभ कशाने होतो? वक्त्याच्या उपदेशाने नव्हे, श्रोत्यांच्या प्रश्नाने. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे आणि तो ऐकून मिळते काय, असे श्रोते प्रथम विचारतात, आणि मग वक्ता बोलू लागतो. वीस दशकांच्या आणि दोनशे समासांच्या त्या ग्रंथात श्रोता ठिकठिकाणी आशंका घेतो आणि वक्ता तिचे निरसन करतो. श्रोत्याने प्रश्न विचारला म्हणून समर्थांनी त्याला सभेबाहेर घातल्याचे आमच्या वाचनात नाही. उलट दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खांसाठी त्यांनी एक संबंध समास निराळा ठेविला. तो समास कोणासाठी लिहिला असेल याचा विचार आम्हां प्राध्यापकांनी वर्षातून एकदा तरी करण्याजोगा आहे.

त्याही मागे जावे. महानुभाव पंथाच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींचे अनुयायी त्यांना सारखे प्रश्न विचारताना दिसतात. आणि त्यांत महदाइसा या स्त्रीची जिज्ञासा तर इतकी प्रसिद्ध आहे की मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिला जेवढे स्मरतात तेवढेच चिकित्सक शिष्या म्हणूनही स्मरतात. तेराव्या शतकात एका विधवा स्त्रीला गुरूपुढे जी मुभा होती ती एकविसाव्या शतकातील पदवीच्या विद्यार्थिनीला नसावी, असे परंपरेच्या नावाने कोणी म्हणत असेल तर त्याने परंपरा वाचलेली नाही.

याच परंपरेने चर्चेची मर्यादाही आखून दिली आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावे म्हणून जो होतो तो वाद. काही करून जिंकावे म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करावयाचे ती वितंडा. आमच्या पडद्यावरील वर्गातून काय हद्दपार करावयाचे, याचे उत्तर या विभागणीत आहे. हद्दपार करावयाचा तो जल्प, हद्दपार करावयाची ती वितंडा. आम्ही त्या दोहोंबरोबर वादालाही दाराबाहेर घातले. आणि त्याच शास्त्रपरंपरेत उत्तरपक्षाआधी पूर्वपक्ष मांडण्याचा प्रघात आहे: प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगावयाचे, मग त्याचे खंडन करावयाचे. चर्चेतील आदराची याहून चांगली व्याख्या आम्हांस इंग्रजी ग्रंथांतही आढळली नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात विरुद्ध पक्षाची बाजू त्या पक्षाच्या खऱ्या अभिमान्याकडूनच ऐकावी असा आग्रह धरला, तो याच जातीचा होय.

येथवर तत्त्वाचा विचार झाला. परंतु जालन्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या तत्त्वाचा नाही. येथे मौनाला इतिहास आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणभाषा उर्दू होती. हिंदुस्थानातील एका भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता हे मान्य केले, तरी मराठी घरातील मुलाला ती भाषा परकीच होती. आणि परक्या भाषेत शंका विचारावयाची म्हणजे आधी वाक्य जुळवावयाचे, मग ते चुकेल म्हणून गिळून टाकावयाचे. १९५८ साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, १९८१ साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला, भाषेची अडचण कागदावर तरी संपली. परंतु गप्प बसण्याची ती सवय संपली का? आमच्या वर्गात आजही मंठ्याकडचा किंवा भोकरदनकडचा विद्यार्थी 'का' ऐवजी 'काहून' म्हणाला की कोठेतरी खसखस पिकते. तो मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही. चार भिंतींच्या वर्गात निदान शेजारचा मित्र त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. पडद्यावर तो एकटाच असतो.

साधनांचा विचार करा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ या वर्षात, ग्रामीण भारतातील दर १०० घरांपैकी सुमारे १५ घरांतच इंटरनेटची सोय आढळली. शहरांत ती ४२ घरांत होती. त्यानंतर दोनच वर्षांनी सारे शिक्षण या साधनावर सोपविण्यात आले. तेव्हापासून फोन वाढले हे खरे. पण फोन घरात असणे आणि मुलीच्या हातात असणे यांत अंतर आहे. कापसाच्या वेचणीचे दिवस असतील तर फोन वडिलांबरोबर शेतात जातो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलगा कारखान्याच्या माळावरून वर्गात डोकावतो. कोणी शेतातल्या आखाड्यावर चढून रेंज शोधतो, कोणाचा रिचार्ज ऐन वर्गाच्या मध्यात संपतो. अशा विद्यार्थ्याने एक वाक्य बोलण्यासाठी काय काय जमविलेले असते याची कल्पना शहरातील पक्क्या घरात, स्वतंत्र खोलीत, कानाला यंत्र लावून बसलेल्या मुलाला नसते. आणि दुर्दैवाने पुष्कळदा शिक्षकालाही नसते.

अशाच एका विद्यार्थिनीने एका वर्गात प्रथमच माइक उघडला. प्रश्न चांगला होता. तो पुरा होण्याआधीच तिच्या मागे म्हैस हंबरली. पडद्यावर हसऱ्या तोंडांच्या चित्रांची एकच गर्दी झाली. कोणी 'नवीन विद्यार्थिनीचे स्वागत' असे लिहिले. तिने माइक बंद केला आणि सत्र संपेपर्यंत पुन्हा उघडला नाही. त्या वर्गात कोणी शिवी दिली नाही, कोणी नियम मोडला नाही, आणि वर्ग पुढे अगदी शांततेत पार पडला! ज्यांना शांतता हेच आदराचे प्रमाण वाटते त्यांनी या वर्गाला किती गुण द्यावयाचे ते सांगावे. आमच्या मते त्या दिवशी त्या वर्गातला सर्वांत मोठा अनादर झाला, आणि पुढे जी शांतता आली ती त्या अनादराचे फळ होती.

मग आदराने चर्चेत भाग घ्यावयाचा म्हणजे काय करावयाचे? आम्ही चार गोष्टी सांगतो. त्यांत नवीन एकही नाही. पहिली ही की, बोलण्याआधी वाचून यावे. ज्या पाठावर चर्चा आहे तो न वाचता 'मला असे वाटते' म्हणून दहा मिनिटे घेणे हा इतरांच्या वेळेचा अपहार होय. मग भाषा कितीही गोड असो. दुसरी ही की, आधी कोणी काय म्हटले ते ऐकावे आणि त्याचे नाव घेऊन त्याला उत्तर द्यावे. चॅटमध्ये पन्नास मते एकाखाली एक पडलेली असतात आणि त्यांतील एकाचाही दुसऱ्याशी संबंध नसतो. तिला चर्चा कसे म्हणावयाचे? ती आठवडी बाजारातील आरोळ्यांची रांग झाली. 'अमुक याने जे म्हटले त्याचा अर्थ मी असा घेतो. तो बरोबर असेल तर माझी शंका अशी आहे,' एवढी दोन वाक्ये लिहावयास एक मिनिट लागते, आणि तेवढ्याने जल्पाचा वाद होतो.

तिसरी गोष्ट लेखी शब्दाची. समोरासमोर बोलताना स्वर असतो, डोळे असतात, हातवारे असतात. कठोर वाक्यही हसून म्हटले म्हणजे बोचत नाही. पडद्यावर लिहिलेल्या शब्दाला हे काहीच सोबती नाहीत. 'हे कोणी सांगितले तुला?' हे वाक्य मित्राने मित्राला बाकावर म्हटले तर कुतूहल. तेच चॅटमध्ये लिहिले तर उपहास. म्हणून लिहिलेले पाठविण्याआधी एकदा समोरच्याच्या जागी बसून वाचावे. विनोद करावयाचा तर तो स्वतःवर करावा. आणि मतभेद मताशी ठेवावा. बोलणाऱ्याचे गाव, जात, उच्चार, कपडे, त्याच्या मागची भिंत किंवा त्या भिंतीमागचा गोठा यांचा चर्चेच्या विषयाशी संबंध नसतो.

चौथी गोष्ट विश्वासाची. जो बोलतो त्याने स्वतःच्या नावाने बोलावे. टोपण नावाने वर्गात येणे म्हणजे बुरखा घेऊन पंक्तीला बसणे. पण याची दुसरी बाजूही तितकीच बंधनकारक आहे: जो स्वतःच्या नावाने बोलला त्याचे बोलणे वर्गाबाहेर नेऊन त्याची टवाळी करावयाची नाही. विद्यार्थी चुकेल, अडखळेल, अर्धवट विचार मांडेल. त्यासाठीच तर वर्ग आहे. त्या अडखळण्याचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या गटात पाठविणारा मनुष्य एका व्यक्तीचा अपमान तर करतोच, शिवाय साऱ्या वर्गाला 'बोलाल तर याद राखा' अशी ताकीद देतो. तसेच कॅमेऱ्याचे. कॅमेरा उघडा नसेल तर तो विद्यार्थी बेफिकीर, असे धरून चालणारे शिक्षक आहेत. एका खोलीच्या घरात आई चुलीपाशी बसलेली असते, आजोबा खाटेवर असतात. ते घर साठ जणांना उघडे करून दाखविण्याची सक्ती करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? तोंड दाखविल्याने आदर सिद्ध होत नाही. प्रश्नाला उत्तर दिल्याने होतो.

आणि या चारही गोष्टी आधी शिक्षकाने पाळावयाच्या आहेत. विद्यार्थ्यांस आदर शिकवू निघालेल्या आमच्यापैकी किती जण प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतात? पडद्यावर आवाज पोहोचण्यास वेळ लागतो; माइक उघडावयास वेळ लागतो; धीर एकवटावयास त्याहून अधिक लागतो. आम्ही दोन क्षण थांबतो, 'कोणाला काही शंका नाही ना? बरे, पुढे जाऊ,' असे म्हणतो आणि पुढे जातो. हा प्रश्न नव्हे, प्रश्नाचा अंत्यविधी होय. विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर दिले तर 'एवढेही ठाऊक नाही?' हे उद्गार कोणाच्या मुखातून बाहेर पडतात? तो वर्गातील टवाळखोरांना दिलेला परवानाच असतो. ज्या वर्गात शिक्षक म्हशीच्या हंबरण्यावर हसला नाही आणि 'तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो पुरा करा,' एवढेच म्हणाला, त्या वर्गात हसणाऱ्यांची बोटे आपोआप थांबतात.

येथे दोन बाजूंनी दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा: अभ्यासक्रम एवढा मोठा, सत्र एवढे आखूड, जागा रिकाम्या, एकेका शिक्षकावर दोघांचे काम, चर्चा करीत बसलो तर धडे संपावयाचे कसे? अडचण खरी आहे. परंतु ज्या व्याख्यानात मध्ये कोणीच बोलावयाचे नाही ते व्याख्यान त्याच वेळी, त्याच जागी देण्याचे तरी कारण काय? ते ध्वनिमुद्रित करून पाठवून द्यावे. विद्यार्थी रेंज मिळेल तेव्हा ऐकतील. सर्वांनी एका वेळी एकत्र यावयाचे ते अशा गोष्टीसाठी, जी एकत्र आल्यावाचून होत नाही. आणि ती गोष्ट म्हणजे चर्चा. तेव्हा वेळ नाही म्हणून चर्चा गाळणे हे जेवणावळीला बोलावून, वेळ नाही म्हणून वाढणेच रद्द करण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अगदी उलट दिशेने येतो आणि तो तरुणांचा आहे. ते म्हणतात, आदर, मर्यादा, विनय हे शब्द दुबळ्यांचे तोंड बंद करण्यासाठीच आजवर वापरले गेले. आम्हांस ते नकोत, आम्ही रोखठोक बोलू. या आक्षेपातील पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. हा सारा लेख त्याच पूर्वार्धासाठी लिहिला आहे. परंतु रोखठोक बोलणे आणि अनादर करणे ही एकच गोष्ट नव्हे. आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. ज्या टिळकांबरोबर त्यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले त्यांच्याशीच पुढे त्यांचा कडाक्याचा वाद झाला. त्या वादाला धार होती, कित्येकदा तो तोल सोडूनही गेला. पण आगरकरांनी आपले मत स्वतःच्या पत्रात, कारणे देऊन, उघड्या तोंडाने मांडले. त्यांच्या विरोधकांपैकी काहींनी काय केले? त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. या दोहोंपैकी रोखठोक कोण आणि भित्रे कोण? आजच्या वर्गात टोपण नावाने हसणारा मुलगा आगरकरांचा वारस नव्हे. तो त्या तिरडी वाहणाऱ्यांचा वारस आहे.

जोतीराव फुल्यांचेही उदाहरण घ्या. १८८५ साली पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी निमंत्रण पाठविले आणि जोतीरावांनी ते नाकारले. ज्यांना आमच्या लोकांचे माणुसकीचे हक्क मनापासून मान्य नाहीत त्यांच्या सभेशी आमचा मेळ कसा बसावा, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. पत्र अत्यंत परखड आहे, पण त्यात नाव आहे, कारण आहे, आणि उत्तर देण्यास जागा आहे. त्या पत्रातून आम्हां वर्ग चालविणाऱ्यांनीही एक गोष्ट शिकावी: नुसते निमंत्रण दिल्याने सहभाग होत नाही. 'सर्वांनी चर्चेत भाग घ्यावा' असा संदेश गटात टाकून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्याने, कोण गप्प आहे आणि काहून गप्प आहे, हे एकदा मोजून पाहावे.

शेवटी दोन शब्द घरांसाठी. पूर्वी वर्गाचे दार लावले म्हणजे घर बाहेर राही. आता वर्ग घरातच भरतो, म्हणून त्याची रीतही काही अंशी घरालाच शिकवावी लागेल. सुशिक्षित कुटुंबांत दोन प्रकारचे पालक दिसतात. एक मुलाच्या मागे उभे राहून उत्तरे सांगतात. दुसरे 'शिक्षकांना उलट प्रश्न विचारू नकोस, गुण कापतील' असा उपदेश करतात. पहिल्यांना मुलाच्या बुद्धीचा भरवसा नाही, दुसऱ्यांना शिक्षकाच्या न्यायबुद्धीचा. दोघांनीही खोलीबाहेर जावे आणि वर्ग सुटल्यावर मुलाला एवढेच विचारावे: आज तू काय विचारलेस, दुसऱ्या कोणाचे म्हणणे तुला पटले, आणि कोणाला हसलात काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर त्याच दिवशी त्या विद्यार्थ्याला फोन करावयास लावावा. मुलाला चार मार्क अधिक मिळण्यापेक्षा हा संस्कार अधिक दिवस टिकेल.

आमच्या व्यवसायबंधूंना आमची सूचना याहूनही लहान आहे. पुढल्या ऑनलाइन वर्गात पहिली दहा मिनिटे सर्वांचे माइक बंद करण्याची ती कळ दाबू नये. आवाज येतील, गोंधळ होईल, कोठे कुकर वाजेल, कोठे म्हैस हंबरेल. त्या गोंधळातून एखादा अडखळता स्वर 'सर, मला विचारावयाचे आहे' असे म्हणतो काय, इकडे कान द्यावा. आणि म्हणालाच, तर आपले व्याख्यान तेथेच थांबवावे.